सात विरुद्ध सहा

बुधवार, रात्री उशिरा

मामांशी फोनवर पुन्हा तोच वाद. मामा आयुष्यभर पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, आता निवृत्त आहेत, आणि समलिंगी माणसाला पाळकपदाची दीक्षा द्यावी का, या प्रश्नावर त्यांचं उत्तर कधी बदललेलं नाही. नाही. बायबलातला रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा. संपलं. मी बायबलातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला येशूचा शिष्य पेत्र काढतो. जे अशुद्ध म्हणून आयुष्यभर शिकवलं गेलं, ते देव शुद्ध म्हणतोय हे त्याला भर दुपारी छपरावर कळलं. मामा म्हणतात, ‘ते खाण्यापिण्याबद्दल होतं रे.’ मी म्हणतो, शेवटी कर्नेल्य या परक्या, यहुदी नसलेल्या रोमन अधिकाऱ्याबद्दल होतं, म्हणजे माणसाबद्दलच. इथपर्यंत आम्हा दोघांना एकमेकांची वाक्यं पाठ आहेत.

आज वेगळं झालं ते आकड्यांवरून. मी जरा फुशारकीनेच सांगितलं की युनायटेड मेथडिस्ट चर्चने (अमेरिकेतला मोठा प्रोटेस्टंट पंथ, आफ्रिकेतही पसरलेला) 2024 साली शार्लट शहरातल्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च सभेत, समलिंगी पाळकांवरची बंदी 692 विरुद्ध 51 मतांनी उठवली. चर्चासुद्धा झाली नाही, एरवीच्या किरकोळ ठरावांसोबत हा विषय मंजूर झाला. मामांनी शांतपणे विचारलं, ‘आणि त्याआधी?’

त्याआधी, 2019 ला सेंट लुईसमध्ये, याच चर्चने बंदी आणखी कडक केली होती. 438 विरुद्ध 384. पाच वर्षांत 438 चे 51 कसे झाले? मी इतके दिवस याला मनपरिवर्तन समजत होतो. फोन ठेवल्यावर हिशेब मांडून बसलो, तर मनपरिवर्तन थोडं आणि निघून जाणं फार. 2019 ते 2023 या काळात साडेसात हजारांवर स्थानिक मंडळ्या (एकेका गावचं चर्च) बाहेर पडल्या, त्यातल्या बऱ्याच जुन्या मताच्या नव्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये गेल्या. शार्लटला आफ्रिकेतल्या कित्येक प्रतिनिधींना व्हिसाच मिळाला नाही. ठरावानंतर महिनाही झाला नव्हता, तोवर दहा लाखांहून जास्त सभासद असलेल्या आयव्हरी कोस्टच्या मंडळीने वेगळं व्हायचा निर्णय घेतला. कोणी कोणाला पटवलं नाही. ज्यांना पटत नव्हतं ते उठून गेले आणि उरलेल्यांचं एकमत झालं. माझ्या बाजूचा निकाल आहे, मला तो हवाच होता, तरी 692 हा आकडा आज मला सकाळइतका मोठा वाटत नाही.

पण जुना नियम काय होता हेही मामांना सांगायला हवं होतं, ते राहिलं. 1984 पासून मेथडिस्टांच्या शिस्तीच्या पुस्तकात बंदी होती ती ‘स्वतः कबूल केलेल्या, आचरण करणाऱ्या’ समलिंगी माणसावर. हा शब्द, ‘स्वतः कबूल केलेल्या’, मला झोपू देत नाही. म्हणजे गप्प राहिलात तर पाळकाचा झगा तुमचा. बोललात की उतरवा. दर रविवारी लोकांना पापांगीकाराची, म्हणजे पाप कबूल करण्याची, प्रार्थना म्हणायला लावणारी आपली माणसं, आणि नियम असा की खरं बोलणंच नडावं! (इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये तर 2003 साली जेफ्री जॉन या धर्मगुरूंनी जोडीदार आहे हे लपवलं नाही, ब्रह्मचर्य पाळतो हेही सांगितलं. तरी दबाव इतका आला की रेडिंगचं बिशपपद त्यांना स्वीकारण्याआधीच सोडावं लागलं. त्याच वर्षी अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये उघडपणे समलिंगी असलेले जीन रॉबिन्सन बिशप झाले, ते झग्याखाली बुलेटप्रूफ जाकीट घालून.)

मला मात्र सगळ्यांत जास्त आठवते ती बेथ स्ट्राउड. फिलाडेल्फियाची मेथडिस्ट पाळक. 2003 साली तिने आपल्याच मंडळीला प्रवचनातून सांगितलं की मी माझ्या जोडीदारणीबरोबर राहते. कोणी पकडलं नव्हतं, कोणी चहाडी केली नव्हती. पुढच्या वर्षी चर्चच्या न्यायसभेत खटला उभा राहिला. पंच तेरा, सगळे तिच्यासारखेच पाळक. नियम मोडला का? बारा म्हणाले हो, एक म्हणाला नाही. मग दुसरं मत, तिचं पाळकपद काढून घ्यायचं का? सात हो, सहा नाही.

म्हणजे नियम मोडला असं मानणाऱ्या बाराजणांतही निदान पाचांचा हात शिक्षेसाठी वर गेला नाही. त्या पाचांना काय वाटलं असेल? कायदा स्पष्ट आहे हे मान्य, समोरची बाई चांगली पाळक आहे हेही दिसतंय, आणि मधली वाट कोणी ठेवलेलीच नाही. अपिलात एकदा निकाल तिच्या बाजूने लागला, 2005 साली वरच्या न्यायमंडळाने तो फिरवला. तिच्या मंडळीने तिला काही वर्षं सामान्य सेविका म्हणून ठेवून घेतलं, पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे पाळकाचे विधी तिच्या हातून बंद. मे 2024 मध्ये, शार्लटनंतर, तिच्या भागातल्या पाळकांनी मत घेऊन तिला पाळकपद परत दिलं. मधली वीस वर्षं मात्र परत देता येत नाहीत, त्यासाठी ठराव कोण मांडणार?

रात्री साडेदहाला न राहवून मामांना पुन्हा फोन लावला. झोपले नव्हते. बेथची गोष्ट सांगितली, बारा-एक आणि सात-सहा. बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.

मग म्हणाले, ‘मी त्या बारांत असतो, हे तुला माहीत आहे.’

‘माहीत आहे मामा.’

‘दुसऱ्या मताचं आज विचारू नकोस.’

मी विचारलं नाही. तब्येतीचं विचारलं, गोळ्या घेतल्या का विचारलं, आणि फोन ठेवला.