तोंडपाठ वाचनामागे लपलेला डिस्लेक्सिया

चौथीतल्या त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात शेरा होता: ‘वाचन चांगले, लेखनात निष्काळजीपणा.’ सरकारी शाळेतल्या माझ्यासारख्या विशेष शिक्षिकेकडे मुलं पाठवली जातात ती बहुधा वाचता येत नाही म्हणून. इथे तक्रार फक्त लेखनाची होती. म्हणून आधी भाषेच्या पुस्तकातला झालेला धडा वाचायला दिला. त्याने तो खडाखडा वाचला. पण नजर ओळीवर नव्हती आणि पान उलटण्याआधीच पुढच्या पानावरचा पहिला शब्द तोंडातून बाहेर पडला.

मग त्याच धड्यातले वीस शब्द सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून, क्रम मोडून समोर ठेवले. सहाच आले. ‘धरण’ला तो ‘घर’ म्हणाला, ‘सूर्य’ला ‘सुरय’. पुढची यादी निरर्थक शब्दांची होती: ‘नेडू’, ‘मागस’, ‘कापोर’. अशा शब्दांना पाठांतर किंवा संदर्भ उपयोगी पडत नाही, अक्षर फोडूनच वाचावं लागतं. त्याने ‘मागस’चं ‘माणूस’ केलं, ‘कापोर’चं ‘कापूर’. ‘नेडू’वर थांबला आणि म्हणाला, “बाई, हा शब्द आमच्या पुस्तकात नाहीये.” मुलगा वाचत नव्हता, आठवत होता. वर्गात कोणी वाचलं की ऐकून पूर्ण धडा डोक्यात ठेवायचा, ही त्याची पद्धत. तिला लागणारी स्मरणशक्ती आणि मेहनत पाहिली, तर ‘निष्काळजी’ हा शब्द त्याच्यावर फार अन्याय करतो.

आवाजांची तपासणी तोंडीच केली. ‘सरबत’मधला ‘स’ काढ म्हटल्यावर ‘रबत’ झटकन आलं. ‘कान’मधल्या ‘क्’च्या जागी ‘प्’ घाल म्हटल्यावर मात्र ‘पकान’. म्हणजे अख्खं अक्षर त्याला वेगळं करता येत होतं, अक्षराच्या आतला ध्वनी नाही. देवनागरीत व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात बांधलेले असतात, त्यामुळे ही अडचण बिनमात्रेच्या शब्दांत झाकली जाते आणि काना-मात्रा, जोडाक्षरं वाढली की उघडी पडते. डिस्लेक्सिया या वाचन-लेखनाच्या अडचणीत अक्षरं उलटी दिसतात, हा समज अजून जात नाही. मूळ अडचण बहुतेक मुलांत ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालण्यात असते. रंगीत काचेचे चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम तिथे पोचत नाहीत.

शेवटी सहावीच्या पातळीचा, त्याने कधीच न ऐकलेला उतारा मी वाचून दाखवला. कारण विचारणाऱ्या प्रश्नांसकट सगळी उत्तरं बरोबर. गणितातलं शाब्दिक उदाहरण त्याला वाचून जमलं नव्हतं, तेच ऐकल्यावर तोंडी सोडवलं. ऐकून समजणं आणि वाचून समजणं यांतली ही दरी महत्त्वाची खूण. यावरून निदान करायचं नसतं. दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यायचं, शाळा बुडाली होती का, घरची भाषा वेगळी आहे का, हे पाहायचं आणि औपचारिक चाचणीसाठी पाठवायचं. पण शिकवणं निदानाच्या प्रमाणपत्रासाठी थांबवू नये, कारण शिकवण्याची पुढे दिलेली पद्धत निदान न झालेल्या कच्च्या वाचकालाही उपयोगी पडते.

योजना अशी ठरली: रोज अर्धा तास, गटात जास्तीत जास्त चार मुलं. पूर्ण बाराखडी म्हणून घ्यायची नाही, कारण तीही पाठ होते. सुरुवातीला आ, क, म, न, ल, स, र, ग एवढीच अक्षरं आणि काना. अक्षर गिरवताना आवाज मोठ्याने काढायचा. लगेच त्याच अक्षरांची वाक्यं: ‘काका आला. मामा कामाला लागला.’ असा मजकूर आयता क्वचितच मिळतो, स्वतः लिहावा लागतो. दिसायला जवळची अक्षरं एकत्र शिकवू नयेत. ‘घ’ पक्का होईपर्यंत ‘ध’ आणायचा नाही, ‘म’ आणि ‘भ’चंही तेच.

ऱ्हस्व वेलांटी वेगळीच चकवते, कारण ती अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. ‘कविता’त ती ‘क’ आणि ‘व’ यांच्या मधे उभी असते, म्हणून मुलगा ‘किवता’ वाचतो. उपाय साधा: वेलांटी आणि तिचं अक्षर एकाच रंगात लिहायचं, बोट दोन्हींखाली मिळून ठेवायचं. रफार याहून अवघड. ‘गर्दी’त ‘र’ चा आवाज ‘द’ च्या आधी, पण चिन्ह पार वेलांटीच्या डोक्यावर. त्याने ‘गदीर’ वाचलं होतं. म्हणून जोडाक्षरांत आधी दंड, म्हणजे अक्षराची उभी रेघ, गळणारी, स्, न्, म्, त् यांची, मग ‘ट्ट’, ‘द्द’सारखी, ‘र’ ची रूपं सर्वांत शेवटी आणि एका वेळी एकच.

वर्गशिक्षिकांशी लगोलग बोलणं झालं. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावणं बंद, कारण त्यात हात आकार उतरवतो आणि ध्वनी बाजूलाच राहतो. सर्वांसमोर न वाचलेला उतारा वाचायला उभं करायचं नाही. परिसर अभ्यासाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत, प्रश्न वाचून दाखवायचा, उत्तर तोंडी घ्यायचं किंवा जादा वेळ द्यायचा. त्यांनी विचारलं, “बाकीची मुलं म्हणतील, यालाच का?” परिसर अभ्यासाच्या पेपरात तो विषय तपासायचा आहे, वाचनाचा वेग नाही, हेच मुलांनाही सांगता येतं आणि त्यांना ते पटतं.

प्रगती मोजायला दर आठवड्याला एक मिनिटाचं वाचन, दर वेळी नवा उतारा. बरोबर शब्दांची संख्या आणि चुकलेला प्रत्येक शब्द जसा वाचला तसा लिहून ठेवायचा. पुढच्या आठवड्याचा धडा त्या चुकांवरूनच ठरतो.