तीन दिवसांत विझणारा संसर्ग

अतिसार घडवणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा ऊसिस्ट, म्हणजे संसर्ग पसरवणारी कवचबंद अवस्था, जेमतेम पाच मायक्रोमीटरची असते, पण या परजीवीला प्रयोगशाळेत नांदवणे संशोधकांना दीर्घकाळ जमले नव्हते, याचे मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. मानवी आतड्याच्या कर्करोगापासून मिळवलेल्या एचसीटी-८ पेशींवर ऊसिस्ट सोडले, की त्यांतून स्पोरोझोइट, म्हणजे परजीवीची हालचाल करणारी रूपे, बाहेर पडतात, पेशींच्या वरच्या पडद्याखाली ठाण मांडतात आणि दोन-तीन दिवस जोमाने वाढतात. नर आणि मादी अवस्थाही तयार होतात, मात्र फलन होत नाही आणि संसर्ग विझत जातो. औषधांची प्राथमिक चाचणी घेण्यास एवढे पुरते, पण संपूर्ण जीवनचक्र अभ्यासण्यास मुळीच नाही.

२००९ मध्ये डच जीवशास्त्रज्ञ हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने आतड्याच्या एकाच मूलपेशीपासून ऑर्गनॉइड, म्हणजे आतड्याची सूक्ष्म प्रतिकृती, वाढवून दाखवली. अडचण अशी, की या पोकळ गोळ्यात पेशींची अन्नरसाकडची बाजू आत दडलेली असते आणि परजीवीला नेमकी तीच हवी असते. म्हणून २०१८ मधील प्रयोगांत अतिसूक्ष्म सुईने ऊसिस्ट थेट पोकळीत टोचले गेले. हे काम किती किचकट असेल, याची कल्पनाच केलेली बरी! त्यापेक्षा मला २०१९ मधील युक्ती अधिक भावते: मूलपेशींचा सपाट थर सच्छिद्र पडद्यावर वाढवून वरचे द्रवमाध्यम काढून घेतले, पेशी हवेला उघड्या ठेवल्या, आणि त्या थरावर फलनासह नवे, संसर्गक्षम ऊसिस्ट तयार झाले.