बरक्याची बाजू

मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी तालुक्याच्या गावात फणस महोत्सव भरला होता. मांडवात शिरल्यावर वासानंच माणूस अर्धा जेवतो. टेबलांवर नंबरांच्या चिठ्ठ्या डकवलेले कापे, म्हणजे कडक गऱ्यांचे, फणस पोट पुढे काढून बसलेले. वजनाचं बक्षीस वेगळं, गऱ्यांचं वेगळं. व्यासपीठावर कोकणी माणसाला फणसाची उपमा देऊन झाली (ती दिल्याशिवाय पाहुण्यांना चहा मिळत नसावा), केरळनं २०१८ साली फणसाला राज्यफळ केलं, हेही सांगून झालं. सगळं ठीक. पण बरका, तो मऊ लिबलिबीत गऱ्यांचा फणस, कुठाय?

"तो टेबलावर ठेवला तर संध्याकाळी टेबलासकट उचलायला लागेल," स्टॉलवरचे काका म्हणाले.

खरंय म्हणा. बरक्याला कोयता लागत नाही. पिकलेला असला की देठ धरून ओढायचा, मधला दांडा गऱ्यांसकट हातात. पडवीत केळीची पानं पसरून आजी बसायची, बोटांना खोबरेल चोपडून. हाताला लागलेला चीक एका काडीला गुंडाळत जायची; दुपार संपेपर्यंत काडीवर करडा गोळा झालेला असे. बरक्याचा गरा चावायचा नसतोच. जिभेवर घेऊन आठळी मागे ठेवायची आणि बाकीचं सटकन घशाखाली. कापा खाताना होतो तो कुरुमकुरुम आवाज मला अजून काकडी खाल्ल्यासारखा वाटतो. आमच्या घरात यावरून भांडणं होतात, होऊ देत.

आठळ्या परातीत टाकायच्या, थुंकायच्या नाहीत. पावसाळ्यात भाजीला त्याच. उरलेले गरे रोळीवर घासून रस काढायचा. थोड्या रसाची तांदळाच्या कण्या घालून सांदणं, बाकीचा ताटांत ओतून उन्हात, साटांसाठी. कावळे हाकायला आम्ही पोरं. हाकता हाकता कडेचा अर्धवट वाळलेला भाग कोण खरवडून खायचं, ते सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या परसातला बरका खरं तर आजोबांनी कापा म्हणून लावलेला. उत्तम काप्याची निवडून आणलेली आठळी. फणस धरेपर्यंत सात-आठ वर्षं गेली आणि पहिलाच फणस हातात लिबलिबला. आठळीचं असंच असतं, आईबापांवर जाईलच याची खात्री नाही. आजोबा म्हणे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सांदणं खाल्ली.

आता तो जुगार नको असेल तर कलमं आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला 'कोकण प्रॉलिफिक' लावला की कापाच मिळणार. मांडवाबाहेर रोपांचा टेम्पो उभा होता. सहज विचारलं, "बरक्याचं कलम आहे?"

टेम्पोवाली बाई हसली. "बरका कोणी मुद्दाम लावतं काय?"

नाही लावत. आमच्याकडेही मुद्दाम कुठे लावला होता? तो आठळीतून आपला आपण यायचा. आणि आता आठळी पुरतंय कोण.