मेव्हनचा शिळा नकार

मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्यासाठी आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसनं फार पूर्वी पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, करायचा प्रोग्रॅम लिहिलाय. हंगामाच्या तोंडावर त्यांना रव्यांचं, म्हणजे गुळाच्या ढेपांचं, वजन वेगळ्या रकान्यात हवं होतं. बदल चार ओळींचा, पण नव्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट बिल्डच होईना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार होईना. हे काम आमच्याकडे मेव्हन नावाचं साधन करतं, लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, तेच उतरवून घेतं.

पहिला अडथळा लवकर कळला. एरर ५०१, ‘एचटीटीपीएस रिक्वायर्ड’. पॉम फाइलमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या मेव्हन सेटिंगमध्ये, मेव्हन सेंट्रल या लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक साठ्याचा पत्ता साध्या एचटीटीपीचा होता आणि सेंट्रलनं १५ जानेवारी २०२० पासून तो मार्ग बंद केलाय. जुन्या लॅपटॉपवर हे कधी अडलं नाही, कारण तिथं सगळ्या जार, म्हणजे लायब्रऱ्यांच्या फाइली, ‘.एम२’ फोल्डरमध्ये आधीच उतरलेल्या होत्या. मेव्हन आधी तिथं बघतं, नसेल तरच बाहेर विचारतं. पत्त्यात एक ‘एस’ वाढवला आणि डाउनलोड सुरू झालं.

मग अडली आमचीच लायब्ररी, रक्कम अक्षरी लिहिणारी. ती सेंट्रलवर नसणारच. ऑफिसच्या सर्व्हरवर हवी, पण तिथंही ती आवृत्ती नव्हती. सीनिअर दादांना फोन केला.

“थांब, चढवतो.” दहा मिनिटांनी, “चढवली बघ.”

ब्राउझरमध्ये पत्ता उघडला, जार डोळ्यांसमोर. बिल्ड चालवला, तर सापडत नाही! पत्ता अक्षर न् अक्षर ताडला: ग्रुप आयडीतल्या (लायब्ररीच्या गटाच्या नावातल्या) टिंबांच्या जागी तिरक्या रेघा, मग आर्टिफॅक्ट, म्हणजे लायब्ररीचं नाव, मग आवृत्ती. सगळं बरोबर. प्रॉक्सी तपासली, पासवर्ड बदलला. संध्याकाळ झाली.

शेवटी एररची ती लांबलचक लाल ओळ टोकापर्यंत वाचली. मागच्या वेळी मिळाली नाही, तो नकार साठवलाय, मुदत संपेपर्यंत किंवा सक्ती केल्याशिवाय पुन्हा विचारणार नाही, असं तिथंच लिहिलं होतं. ‘.एम२’मध्ये त्या लायब्ररीच्या फोल्डरात जार नव्हतीच, ‘.लास्टअपडेटेड’नं संपणारी एक छोटी फाइल होती. म्हणजे मेव्हन सर्व्हरपर्यंत जातच नव्हतं! ही मुदत एरवी एका दिवसाची असते. मला ती पद्धत पटते, नाहीतर नसलेल्या जारसाठी प्रत्येक बिल्डला सर्व्हरकडे खेप पडेल. पण एवढी महत्त्वाची गोष्ट ओळीच्या सुरुवातीला यायला हवी होती.

कमांडला सक्तीनं पुन्हा विचारायला लावणारा कॅपिटल ‘-यू’ जोडला. जार उतरली, बिल्ड झाला.

दुसऱ्या दिवशी सौदे सुरू व्हायच्या आत अडत्याकडे पहिली पट्टी छापली. रव्यांचं वजन वेगळ्या रकान्यात, खाली रक्कम अक्षरी.