बर्फाच्या पाण्यातला हात आणि नागपूरचा फोन

मोठ्या आईचा फोन आला तेव्हा इथे बाल्टिमोरला रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे नागपूरच्या महाल भागात सकाळचे साडेसहा. इतक्या सकाळी फोन आला की समजायचं, मोठ्या बाबांनी रात्र पुन्हा बसून काढली. कॅन्सर हाडात गेलाय. आडवं झालं की कंबर ठणकते, म्हणून ते पलंगाच्या कडेला उशी पोटाशी धरून बसतात.

"अवं पोरी, तू तिकडे गांजाच्याच औषधावर काम करून राहिली ना? मग दे ना एक शिशी पाठवून. ते मॉर्फिन नको म्हणतात हे. शेजारचे सांगून गेले, मॉर्फिन सुरू झालं म्हणजे माणूस गेला."

फोनवर मी अर्धवटच बोलले. गेल्या वर्षभरात नागपूरच्या चार घरांतून मला हेच विचारलं गेलंय, म्हणून आज सगळं लिहिते.

मी काम करते त्या खोलीत थंड पाण्याची एक टाकी आहे. स्वयंसेवक त्यात हात बुडवतो. दुखायला लागलं की सांगतो, सहन होईना की हात बाहेर काढतो. मी दोन्ही वेळा टिपते. शिकताना मी स्वतः हात घातला होता. आधी नुसता गारवा, मग हाडात कोणीतरी पाना फिरवतंय असं वाटलं. तीच व्यक्ती वेगवेगळ्या दिवशी येते: एकदा नुसतं अफूवर्गातलं (मॉर्फिनसारखं) औषध, एकदा नुसतं टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक), एकदा दोन्ही, एकदा काहीच नसलेली कॅप्सूल. सगळ्या कॅप्सूल दिसायला एकसारख्या. आज कुणाच्या पोटात काय गेलंय ते ना त्याला माहीत, ना मला. आशा फार लबाड असते, ती घड्याळावरचा अंगठासुद्धा हलवते, म्हणून हा बंदोबस्त.

वेदनेसोबत आम्ही श्वास मोजतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोजतो (अफूने त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात), आणि "हे औषध तुम्हाला किती आवडलं?" असंही विचारतो. शेवटचा प्रश्न नव्या माणसाला विचित्र वाटतो. पण दुखणं कमी करणारं औषध जास्त आवडायला लागलं, तर पुढे व्यसनाचं दार उघडतं.

दोन्ही औषधं एकत्र द्यायची कल्पना हवेतली नाही. मेंदूत आणि पाठीच्या कण्यात वेदनेचा निरोप पुढे जातो, त्या वाटेवर अफूचे 'ग्राहक'ही (औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागा) असतात आणि गांजाचेही. दोघेही निरोप मंद करतात. फरक इतकाच की मेंदूच्या ज्या भागातून श्वास चालतो तिथे अफूचे ग्राहक भरपूर, गांजाचे फारच थोडे. म्हणून मॉर्फिन अति झालं तर श्वास थांबू शकतो. मग गांजातला घटक जोडून मॉर्फिन कमी करता आलं तर? कलकत्त्यात ओशॉनेसी या डॉक्टरने 1839 मध्ये आपल्याकडच्या गांजाचे रुग्णांवरचे प्रयोग लिहून ठेवले. टीएचसी वेगळं काढलं गेलं 1964 मध्ये. शरीर स्वतः असाच एक पदार्थ बनवतं हे 1992 मध्ये कळलं, आणि त्याचं नाव आपल्या 'आनंद' शब्दावरून ठेवलं: आनंदामाइड. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परक्या गावात कुणी मराठीत हाक मारावी तसं वाटलं होतं.

प्राण्यांमध्ये ही जोडी खरंच जमते. 2017 मध्ये जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टीएचसीसोबत मॉर्फिनचा सुमारे साडेतीन पट कमी डोस तेवढंच काम करताना दिसला.

माणसांत मात्र गाडी अडते. सॅन फ्रान्सिस्कोत 2011 मध्ये मॉर्फिन किंवा त्याच वर्गातल्या ऑक्सिकोडोनवर असलेल्या 21 रुग्णांना गांजाची वाफ दिली, वेदना सुमारे 27 टक्के कमी झाली. पण तुलनेला खोटं औषध नव्हतं. 2018 मध्ये गांजा नेहमी ओढणाऱ्या 18 निरोगी माणसांवर थंड पाण्याचीच चाचणी झाली. एरवी निरुपयोगी ठरलेला ऑक्सिकोडोनचा छोटा डोस गांजासोबत लागू पडला, पण औषध 'आवडणं'ही थोडं वाढलं. टीएचसीच्या कॅप्सूल देऊन झालेल्या नंतरच्या चाचण्यांत जोडीचा खास फायदा दिसला नाही. आणि मोठी आई, तुझ्या कामाचं हे: आधीच अफूवर्गातल्या औषधांवर असलेल्या कॅन्सर रुग्णांना टीएचसी आणि सीबीडी (गांजातलाच दुसरा घटक) यांचा तोंडात मारायचा फवारा देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. मुख्य निकषावर तो खोट्या फवाऱ्याच्या पुढे गेला नाही.

म्हणून मी शिशी पाठवणार नाही. टीएचसीचं तेल भारतात पाठवणं एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्याने गुन्हा आहे, हे तर आहेच. पण ते कायदेशीर असतं तरी या वयात दोन गुंगीची औषधं एकत्र घेऊन मोठे बाबा रात्री न्हाणीत पडले असते, ही भीती मला जास्त आहे. महाशिवरात्रीची भांग त्यांना चालायची, म्हणून हेही चालेल, असं गणित करू नका.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. मी इथे मॉर्फिन कमी कसं करता येईल ते मोजते आणि माझ्या घरातला माणूस ते मिळत असूनही नाकारत होता. शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यातून औषधी द्रव्यं काढतात. 1985 च्या त्याच एनडीपीएस कायद्याच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं. 2014 च्या दुरुस्तीने वाट बरीच सोपी केली. तरी मोठ्या बाबांना आधी दाखवलं त्या दवाखान्यात "आमच्याकडे ते ठेवत नाही" एवढंच ऐकावं लागलं. दुसरीकडे मिळालं, पण तोवर शेजाऱ्यांचं वाक्य मनात बसलं होतं.

मी मोठ्या बाबांशी स्वतः बोलले. म्हटलं, कॅन्सरच्या दुखण्याला डॉक्टरांच्या देखरेखीत वाढवत नेलेलं मॉर्फिन मरण जवळ आणत नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "झोपता येईल का मला?"

मॉर्फिन सुरू झालं. चौथ्या दिवशी ते तीन तास आडवे झोपले. आता पोट कडक झालंय म्हणते मोठी आई. मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं, ते लिहून दिलंय का हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. नागपुरात सकाळ झाली की आधी तेच विचारते.