सायफाय मासिकात कथा छापून येईपर्यंत: माझा अनुभव

इंग्रजी सायन्स फिक्शन-फॅन्टसी मासिकात माझी एक कथा छापून आली तेव्हापासून लोक एकच विचारतात, तिथे कोणाची ओळख होती का? नव्हती. लागतही नाही. या जगाचं हेच एक बरं आहे, नियम सगळे साइटवर उघड लिहिलेले असतात, पैसे किती देणार तेही आकड्यात सांगितलेलं असतं, आणि नवखा असो की मुरलेला, कथा त्याच फॉर्ममधून आत जाते (निदान म्हणायला तरी, मोठ्या नावांकडून संपादक स्वतःहून कथा मागून घेतात हे काही गुपित नाही). पण नियम उघड असले तरी कोणीतरी बसून वाचायला लागतात ना. अर्ध्याहून जास्त काम तेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझी कथा अशी की भाऊ मंगळावर, बहीण पृथ्वीवर आणि आजारी वडिलांचं कोणी बघायचं यावरून दोघांचं भांडण. मंगळापर्यंत रेडिओ सिग्नल पोचायला अंतराप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, त्यामुळे एकाचं सॉरी पोचायच्या आधीच दुसऱ्याची शिवी निघालेली असते, आणि ती परत घ्यायची म्हटली तरी घेता येत नाही. बस, एवढीच आयडिया. मला तरी वाटतं मासिकातल्या छोट्या कथेला एवढीच पुरते, त्यात एलियन आणि टाइम ट्रॅव्हल पण कोंबलं की सगळंच अर्धवट राहतं. कथा आधी मराठीत लिहिली होती, मग इंग्रजीत नव्याने लिहून काढली.

तिथे सगळा हिशोब शब्दांचा. ह्यूगो या सायन्स फिक्शन-फॅन्टसीतल्या मानाच्या पुरस्काराच्या नियमात ७,५०० शब्दांच्या आतली ती शॉर्ट स्टोरी, तिथून १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट आणि त्यापुढे ४०,००० पर्यंत नॉव्हेला, आणि मासिकंही बहुतेक हीच मापं धरून चालतात. मानधनही शब्दावर. एसएफडब्ल्यूए म्हणून अमेरिकेतली लेखकांची संघटना आहे, त्यांनी २०१९ मध्ये प्रोफेशनल रेट, म्हणजे प्रोफेशनल म्हणवायचं तर मासिकाने द्यायचा किमान दर, शब्दाला ६ सेंटवरून ८ सेंट केला, म्हणजे ४,००० शब्दांच्या कथेचे ३२० डॉलर. काही मासिकं यापेक्षा जास्त देतात, बरीच कमी देतात, काही नुसतं नाव छापतात. आणि कोणी उलट तुमच्याकडेच छापायचे पैसे मागत असेल तर टॅब बंद करायचा, विचार पण करत बसायचं नाही.

मासिक शोधायला सबमिशन ग्राइंडर नावाची फुकट साइट आहे. शब्दसंख्या, प्रकार, किमान मानधन टाकलं की कोण सध्या कथा घेतंय त्याची यादी येते, वर लोकांनी नोंदवलेले उत्तराचे दिवसही दिसतात. पण यादी मिळाली म्हणून लगेच पाठवत सुटण्यात अर्थ नाही, आधी ती मासिकं वाचायची. क्लार्क्सवर्ल्ड, लाइटस्पीड यांचे अंक साइटवर फुकट वाचता येतात, त्यामुळे वाचायला मिळत नाही ही सबब चालत नाही. चार अंक सलग वाचले की कळतं, एका संपादकाला हलकंफुलकं चालतं, दुसऱ्याला वैज्ञानिक बारकावे लागतात, तिसऱ्याकडे फॅन्टसी म्हणजे सुद्धा तलवारी नाहीत, घरातल्या घरात काहीतरी विचित्र घडतंय अशा कथा. हे गाईडलाईन्समध्ये कधीच धड लिहिलेलं नसतं. तिथे आपलं 'आम्हाला उत्तम कथा हव्यात' एवढंच, जसं काही बाकीच्यांना टुकार हव्या असतात!

या नादात थोडं जुनंही वाचलं. फक्त सायन्स फिक्शनला वाहिलेलं पहिलं मासिक अमेझिंग स्टोरीज, एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने काढलेलं, पुरस्काराला नाव पण त्याचंच. फॅन्टसी अँड सायन्स फिक्शन हे मासिक १९४९ मध्ये निघालं तेव्हा पहिल्या अंकाच्या नावात नुसतीच फॅन्टसी होती, सायन्स फिक्शन दुसऱ्या अंकापासून जोडलं. म्हणजे हे दोन प्रकार एकाच मासिकात नांदतात याला आता पाऊणशे वर्षं झाली आणि तरी लोक अजून वाद घालतात की ड्रॅगन आणि रॉकेट एका अंकात कशाला. असो.

वाचण्यासारखी अजून एक गोष्ट म्हणजे स्ट्रेंज होरायझन्स या ऑनलाइन मासिकाच्या साइटवरची यादी, आमच्याकडे फार वेळा येऊन गेलेल्या कथा अशी. लेखकाला काही सुचतच नाहीये, शेवटी कळतं की सगळं व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत चाललं होतं, असले प्रकार. ती वाचताना आधी हसू येतं, मग जरा वेळाने आपलं वहीतलं सगळं आठवायला लागतं.

फॉरमॅटबद्दल उगाच भीती घालतात. स्टँडर्ड मॅन्युस्क्रिप्ट फॉरमॅट म्हणजे १२ पॉइंट साधा फॉन्ट, डबल स्पेसिंग, चारही बाजूंना एक इंच जागा, पहिल्या पानावर डावीकडे नाव-पत्ता, उजवीकडे शब्दसंख्या, कथेचं नाव पानाच्या मधोमध आणि पुढच्या प्रत्येक पानावर आडनाव, कथेचं नाव, पान नंबर. एकदा टेम्प्लेट करून ठेवलं की संपलं. फक्त काही मासिकांना नाव काढून टाकलेली फाइल लागते, वाचणाऱ्याला लेखक कोण ते कळू नये म्हणून, ते तेवढं बघायचं. कव्हर लेटर दोन ओळींचं. कथेचं नाव, शब्द, याआधी काही छापलं असेल तर ते, नसेल तर काहीच नाही. कथेत काय आहे ते सांगायचं नाही. लोक कव्हर लेटरवर एवढा काथ्याकूट का करतात मला खरंच कळत नाही.

हल्ली फॉर्ममध्ये एक टिक जास्तीची असते, कथा एआयने लिहिलेली नाही म्हणून. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लार्क्सवर्ल्डकडे मशीनने लिहिलेल्या कथांचा एवढा पूर आला की त्यांनी काही दिवस सबमिशनच बंद ठेवली, एका महिन्यात पाचशेच्या वर कथा, कोणीतरी झटपट कमाईचा धंदा सांगितला म्हणून पाठवलेल्या. त्याचा भुर्दंड आपल्यालाही बसतो, कारण वाचणारी माणसं तेवढीच आणि बाहेरचा ढीग मोठा. त्या ढिगाला स्लश म्हणतात. तो आधी स्लश रीडर वाचतात, बऱ्याच ठिकाणी हौसेने, आणि पटलं तरच कथा संपादकापर्यंत जाते. त्यांच्यापैकी कोणी चौथ्या पानापर्यंत थांबेल या भरवशावर लिहू नका. माझ्या कथेत भांडण आधी दुसऱ्या पानावर सुरू होत होतं, पाठवायच्या आधी ते पहिल्या ओळीत आणलं.

मग वाट बघणं. बहुतेक चांगल्या मासिकांना सायमल्टेनियस सबमिशन चालत नाही, म्हणजे एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. हा नियम मला अन्यायाचाच वाटतो, त्यांच्याकडे हजार कथा आणि माझ्याकडे एक आणि ती पण त्यांच्याकडे अडकून पडलेली. काही मासिकं दोन दिवसांत नाही म्हणतात, आणि विश्वास ठेवा, दोन दिवसांत नाही म्हणणारा संपादक देवमाणूस असतो. एका मासिकाने (नाव नको) कित्येक महिने कथा ठेवून घेतली, चौकशीच्या ईमेलला उत्तर नाही, त्यांच्याच गाईडलाईन्समध्ये दिलेली मुदत उलटून गेली, शेवटी मी कथा मागे घेतेय असं कळवलं तर त्यालाही उत्तर नाही. अशा वेळी मागे घेतल्याचं लेखी कळवून मोकळं व्हायचं आणि पुढच्या मासिकाकडे पाठवायचं.

नकारांतही प्रकार असतात. फॉर्म रिजेक्शन म्हणजे छापील दोन ओळी, त्यात काही अर्थ शोधत बसू नये. पर्सनल रिजेक्शन म्हणजे कोणीतरी खरंच काहीतरी लिहिलंय, ते जपून ठेवायचं. मला एकाने लिहिलं की भावाची बाजू पटली, बहिणीची नुसती ऐकू आली. एवढ्या एका वाक्यावर मी मधला अख्खा भाग पुन्हा लिहिला, कारण ते शंभर टक्के खरं होतं. आणि होल्ड म्हणजे कथा वरच्या फेरीत गेलीये पण अजून होकार नाही, तेव्हा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

होल्डनंतर एका मासिकाचा होकार आला. आता जे सांगते ते नीट ऐका, कारण होकाराच्या आनंदात लोक कॉन्ट्रॅक्ट न वाचता सही ठोकतात. बघायचं काय? हक्क कुठले घेतायत (माझ्याकडून इंग्रजीतले पहिल्यांदा छापायचे, आणि ऑडिओचे), किती महिने दुसरीकडे छापायचं नाही, पैसे कधी देणार, आणि त्यांनी छापलीच नाही तर हक्क कधी परत येणार. सगळे हक्क कायमचे असं कुठे दिसलं तर आधी विचारायचं. विचारलं म्हणून कोणी कथा परत पाठवत नाही, मी ऑडिओच्या कलमाबद्दल विचारलं तर त्यांनी निमूट मुदत घालून दिली. काही अमेरिकन मासिकं बाहेरच्या लेखकाकडून डब्ल्यू-८बीईएन नावाचा टॅक्सचा फॉर्म मागतात, दिसायला भयंकर आहे पण एका पानाचा आहे.

सगळ्यात मजा आली कॉपीएडिटला. फाइल परत आली ती समासात कॉमेंट्सनी भरलेली, स्वल्पविराम, एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं वगैरे, आणि मध्येच एक कॉमेंट: तिसऱ्या पानावर सिग्नलला १२ मिनिटं लागतायत आणि अकराव्या पानावर २०, हे मुद्दाम आहे का? मुद्दामच होतं. मधे जवळजवळ सहा महिने जातात, पृथ्वी सूर्याभोवती मंगळापेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे दोघांतलं अंतर वाढत जातं, आणि भांडणही त्याच हिशोबाने लांबतं. मी कोन मांडून, आकडेमोड करून ते बसवलं होतं आणि मनातल्या मनात खूश होते की कोणाला तरी कळेल. कॉपीएडिटरला कळलं होतंच, पण तिचं म्हणणं असं की वाचकाला ते चुकून झाल्यासारखं वाटेल. मग बहिणीच्या तोंडी एकच वाक्य घातलं, 'तू दर आठवड्याला थोडा उशिरा ऐकायला लागलायस.' अख्ख्या कथेत लोकांना हेच वाक्य आवडलं, आणि ते मूळ कथेत नव्हतंच.

त्यानंतर प्रूफ, त्यात फक्त टायपो बघायचे, कथा परत लिहायला घ्यायची नाही, हात कितीही शिवशिवले तरी. मग चार ओळींचा लेखक परिचय, तो लिहायला मला कथेपेक्षा जास्त त्रास झाला. पैसे ठरल्याप्रमाणे अंक आल्यावर आले, पेमेंट गेटवेने आणि डॉलर बदलून घेताना थोडे कापले गेले तेवढं धरून चाला.

एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. नवीन लेखकांसाठी अ‍ॅस्टाउंडिंग अवॉर्ड आहे, ह्यूगोच्याच मतपत्रिकेवर असतं पण ह्यूगो नाही, आणि त्यात पहिली प्रोफेशनल कथा छापल्यापासून दोनच वर्षं पात्र राहता येतं. म्हणजे पहिली कथा छापून आली की घड्याळ सुरू. मला काही ते मिळणार नाहीये, पण ज्यांच्याकडे तीन-चार कथा तयार आहेत त्यांनी पहिली कुठे आणि कधी विकायची याचा जरा विचार करावा.

माझ्या कथेची एक्सक्लुझिव्ह मुदत आता संपलीये, त्यामुळे रिप्रिंट, म्हणजे आधी छापलेली कथा, घेणाऱ्या मासिकांना आणि पॉडकास्टना पाठवता येईल. रिप्रिंटला मानधन बरंच कमी असतं पण काम पण काहीच नसतं. आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये हक्क फक्त इंग्रजीचे दिलेले, त्यामुळे मराठी कथा पूर्ण माझीच आहे. तिच्यातलं भांडण तसंही जास्त झणझणीत आहे, भावाला घातलेल्या शिव्या इंग्रजीत गेल्यावर फारच सभ्य झाल्या होत्या. फक्त ते उशिरा ऐकायचं वाक्य त्यात अजून नाहीये, तेवढं घालून पाठवते.