तुम्ही विचारलंत म्हणून: तैलचित्रावरून बटाटा फिरवावा का?

गणपती जवळ आले की हा फोन हमखास येतो. घराची झाडलोट चालू असते, पणजोबांचं तैलचित्र भिंतीवरून उतरलेलं असतं. "फार काळवंडलंय हो. अर्धा बटाटा फिरवू का? की साबणाचं पाणी?"

दोन्ही नको. चित्रसंवर्धनाकडे मी वळले ती अशाच एका फडक्यामुळे. आमच्या काकांनी आजोबांचं चित्र साबणाच्या पाण्याने पुसलं. फडकं तांबूस झालं तसे काका खूश झाले, मळ निघतोय म्हणून. निघत होता तो पागोट्याचा रंग, चित्रकाराने शेवटी दिलेला पातळ गुलाबी थर. आता तिथे खालचा मातकट रंग दिसतो.

जुन्या कॅनव्हासवर आधी सरस (म्हणजे खळीसारखा गोंद), मग अस्तर (रंगाखालचा लेप), रंग आणि व्हार्निश असे थर असतात. रंगाला बारीक तडे गेलेले असतात. त्यातून पाणी आत शिरलं की सरस फुगतो, कापड आक्रसतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात, कधी कधी बऱ्याच दिवसांनी. बटाट्याचा स्टार्च तड्यांत राहिला तर पावसाळ्यात बुरशीला आयतं खाद्य. जवसाच्या तेलाने चार दिवस चकाकी येते, पुढे तेच तेल पिवळं पडतं. मुळात चित्राचा पिवळेपणा पुष्कळदा जुन्या व्हार्निशचा असतो. तो पुसून जाणारा नाही. आणि थिनरने व्हार्निशबरोबर रंगही उतरू शकतो.

चित्र खरंच तैलचित्र आहे का, हेही पाहा. रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. तिथली व्हार्निश लावलेली ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, भल्याभल्यांना फसवतात. भिंगातून छपाईचे ठिपके दिसले तर खाली कागद आहे. पाण्याचं नावच नको.

खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने धरा. कुठे रंग उचललेला दिसला तर चित्राला हात लावू नका. रंग घट्ट असेल तर चित्र उभं, किंचित पुढे कललेलं धरायला सांगा, म्हणजे धूळ खाली पडेल. रुंद, मऊ, कोरडा ब्रश वरून खाली हलकेच फिरवा. ब्रशच्या पत्र्याला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर ओरखडा उठतो. कोरडं फडकंसुद्धा नको, त्याचे धागे तड्यांत अडकतात. तोंडाला मास्क हवाच, जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं.

घरी करण्यासारखं एवढंच. पुढचं जाणकाराकडे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे. परत टांगताना मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंतीची ओल लागत नाही. समईची काजळीही दूर ठेवा.

आणि ब्रश उचलण्याआधी उजेडात फोटो काढा, जवळून, तुकड्या-तुकड्याने. आजोबांच्या पागोट्याचा गुलाबी नेमका कसा होता, हे दाखवणारा एकही रंगीत फोटो आमच्याकडे नाही.